टिकोजीराव जाऊन येतात

टिकोजीराव थिजले तेव्हा त्यांचा एक पाय हवेत होता, तोंड उघडं होतं आणि डोकं मिरजेत होतं.

लेखक चहा न घेताच लिहायला बसला, असं समजू नका. खरोखरच तसं होतं. पाय आणि तोंड होतं चंद्रावर, 'कौमुदी' नावाच्या वसाहतीतल्या पाहुण्यांच्या खोलीत. आणि डोकं होतं मिरजेला, इनामदारांच्या घरातल्या कोठीच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. घरातली सगळ्यात थंड जागा तीच होती आणि डोक्याला थंडावा लागतो.

टिकोजीराव हा यंत्रमानव. तो बनवला डॉ. भालचंद्र इनामदार या वैज्ञानिक आजोबांनी, आपल्या नातीसाठी. नात म्हणजे शाल्मली, वय अकरा. पहिल्याच दिवशी हे यंत्र इतक्या तोऱ्यात बोललं की शाल्मली म्हणाली, "मोठा टिकोजीराव लागून गेलाय!" नाव तेच पडलं. ते चिडवण्यासाठी आहे हे टिकोजीरावांना कुणी सांगितलं नाही. त्यांना ती पदवी वाटते.

चालणं आणि तोल सांभाळणं एवढ्यापुरता लहानसा मेंदू त्यांच्या अंगात आहे. विचार करणं, बोलणं, रुसणं हे मोठं काम मात्र घरचा सर्व्हर (घरातल्या सगळ्या यंत्रांचं मिळून एकच मोठं डोकं) करतो. पुष्कळ लोक आपल्या यंत्रमानवांची डोकी मोठ्या कंपन्यांकडे ठेवायला देतात. आजोबांना ते मुळीच पसंत नव्हतं. "माझ्या टिकोजीरावांचं डोकं परक्याच्या घरी? हॅट!" असं म्हणून त्यांनी सर्व्हर स्वतः जोडला आणि बरण्या सरकवून फळीवर ठेवला.

मिरजेचा विचार चंद्रावर पोचायला वेळ लागतो. प्रकाशाइतक्या वेगानं निरोप धावला तरी जायला सव्वा सेकंद आणि परत यायला सव्वा सेकंद. त्यामुळे चंद्रावर आल्यापासून टिकोजीराव प्रत्येक प्रश्नाला अडीच सेकंद थांबून उत्तर देत. घरी उथळ वाटणारे टिकोजीराव इथे एकदम विचारवंत वाटायला लागले होते. वसाहतीतली दोन-तीन मोठी माणसं तर त्यांचा सल्लाही घेऊन गेली होती.

आजोबा आणि नात चंद्रावर आले होते तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला. कोजागरीला दुधात चंद्र पाहायचा हे तुम्हाला माहीत आहेच. पण चंद्रावरच उभं राहून दुधात काय पाहणार? अर्थात पृथ्वी! आता गंमत अशी की पृथ्वीवर पौर्णिमा असते तेव्हा पृथ्वीची अंधारी बाजू चंद्राकडे असते, म्हणजे चंद्रावरून पृथ्वी काळी ठिक्कर दिसते. पृथ्वीवर अमावास्या असली की मात्र चंद्रावरून पृथ्वी पूर्ण गोल, निळी आणि झगझगीत दिसते. यावर मंडळात बैठका झाल्या, रुसवेफुगवे झाले आणि शेवटी चंद्रावरची कोजागरी अमावास्येला करायचं ठरलं. त्यामुळे मिरजेत त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं.

संध्याकाळच्या कार्यक्रमात शाल्मली आणि टिकोजीराव एक नाटुकलं करणार होते. त्यात एक राजकन्या आणि एक झाड. राजकन्या शाल्मली. झाड कोण, यावरून सकाळी भांडण जुंपलं.

"मी राजा होणार," टिकोजीराव म्हणाले.

"नाटकात राजा नाहीच आहे! झाड आहे."

अडीच सेकंदांनी उत्तर आलं, "मग नाटक चुकलंय."

नाटक शाल्मलीनं लिहिलं होतं. तिचं डोकंच फिरलं. "तू कसला राजा! तू नुसता डबा आहेस, डबा! तुझं डोकं तर लोणच्याच्या बरण्यांशेजारी पडलंय!"

टिकोजीरावांनी एक पाय उचलला, तोंड उघडलं, "मी रा..." एवढं म्हणाले आणि थांबले.

शाल्मलीनं अडीच सेकंद वाट पाहिली. मग आणखी पाहिली. तिला वाटलं, रुसला असेल. पण टिकोजीराव रुसले की पाठ फिरवतात, हवेत पाय धरून उभे राहत नाहीत. तिनं त्यांना हलवलं, हाक मारली, कानाशी टाळी वाजवली. त्यांच्या डोळ्यांतले दिवे मंद पिवळे होऊन राहिले होते. आपण बोललो ते त्याला लागलं आणि त्यातच तो गेला, असं तिला वाटलं.

"आजोबा!" ती ओरडत सुटली.

आजोबा मंडळाच्या मसाला दुधाच्या समितीवर होते. ते हातात पळी घेऊनच धावत आले. चंद्रावर धावणं म्हणजे अर्धं उडणंच, त्यामुळे ते जरा उंचावरूनच दारातून आत आले.

"माझ्यामुळे झालं," शाल्मली रडत म्हणाली. "मी त्याला डबा म्हणाले."

"डबा म्हटल्यानं यंत्रं बंद पडत असती, तर आमच्या प्रयोगशाळेत एकही चाललं नसतं," आजोबा म्हणाले आणि टॅबवर बोटं चालवू लागले. "हे बघ. घरातला राउटर (इंटरनेटचा दरवान, निरोप आत घेतो, बाहेर सोडतो) नीट उत्तर देतोय. म्हणजे घरात वीज आहे, इंटरनेट आहे. सर्व्हर मात्र ओ देत नाही. तो अडकलाय."

"अडकलाय म्हणजे?"

आजोबांनी पळी वर धरली. "समज, स्वयंपाकघरात दोन आचारी आहेत. एकाच्या हातात पळी, दुसऱ्याच्या हातात पातेलं. पहिला म्हणतो, पातेलं दे, मग पळी देतो. दुसरा म्हणतो, आधी पळी दे, मग पातेलं देतो. दोघंही हट्टी. दूध कधी उकळणार?"

"कधीच नाही."

"सर्व्हरमध्ये एका वेळी शेकडो आज्ञावल्या (यंत्रानं काय करायचं ते क्रमानं सांगणाऱ्या सूचना) चालतात. त्यातल्या दोघी अशा एकमेकींची वाट बघत बसल्या आणि बाकीच्या त्यांच्या मागे खोळंबल्या. याला कोंडी म्हणतात. तुझं भांडण आणि ही कोंडी एकाच वेळी झाली, एवढंच."

शाल्मलीचा जीव थोडा भांड्यात पडला. "मग त्यांना समजावून सांगा ना!"

"समजावणारी आज्ञावलीही त्याच रांगेत उभी आहे! म्हणून बाहेरून काहीतरी करायला हवं. सर्व्हरची वीज बंद करायची, जरा थांबायचं आणि पुन्हा चालू करायची. आचाऱ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं आणि रिकाम्या हातांनी पुन्हा आत घ्यायचं. हा शेवटचा उपाय आहे हं, ऊठसूट करायचा नाही. सर्व्हर काही लिहीत असताना वीज गेली तर ते लिखाण बिघडू शकतं."

"आणि टिकोजी मला विसरला तर?"

आजोबा खाली बसले. "टिकोजीरावांनाही मी असंच समजावलं होतं, सर्व्हरला दोन प्रकारची स्मृती असते. एक तात्पुरती. ती रांगोळीसारखी, झटपट काढता येते, पण वीज आहे तोवरच टिकते. वीज गेली की पुसली. दुसरी कायमची, दगडात कोरल्यासारखी. वीज गेली तरी ती जागेवर. टिकोजीराव दिवसभराच्या गोष्टी रांगोळीत ठेवतात आणि रात्री झोपताना दगडात कोरतात. कालपर्यंतचं सगळं कोरलेलं आहे, तू पण त्यातच आहेस. आज सकाळचं मात्र जाईल."

"म्हणजे भांडणही?"

"भांडणही. सुटलीस की फुकटात!"

शाल्मलीला सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही. तिला टिकोजीची माफी मागायची होती आणि त्यासाठी आधी तो उठायला हवा होता. नाटुकलं झालं नाही तरी चालेल, पण तो उठायलाच हवा, असं तिला मनापासून वाटत होतं. "आजोबा, लवकर उठवा त्याला," ती म्हणाली.

आजोबांनी मिरजेला शेजारच्या आवटीकाकूंना फोन लावला. काकू चकल्या पाडत होत्या. डॉ. इनामदार हे औषधांचे डॉक्टर नाहीत हे काकूंना आजतागायत पटलेलं नाही.

"बरं झालं फोन केलासा, डॉक्टर! गुडघा लई धरलाय बघा."

"काकू, गुडघ्याचं नंतर. आमच्या घरात जाऊन एक बटण दाबाल का? मी इथून कुलूप उघडतो." काकू चकलीचं ताट हातात घेऊनच दाराशी पोचल्या. आजोबांनी टॅबवर 'दार उघड' हे बटण दाबलं. मग परत दाबलं. मग दणादण आणखी आठ वेळा दाबलं.

"दार उघडंना की ओ, डॉक्टर!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. कुलूप उघडायचं कामही त्यांनी सर्व्हरकडेच दिलं होतं. दार उघडणाराच आत बेशुद्ध पडलेला, आता त्याला शुद्धीवर आणायला दार कोण उघडणार?

"थांबा तुम्ही, मी ढकलून बघते," काकू म्हणाल्या.

"ढकलू नका! काकू, गुडघा!" आजोबा ओरडले. मग त्यांना एकदम आठवलं आणि ते आनंदानं छतापर्यंत उडाले. "स्मार्ट प्लग! अगं, मी स्मार्ट प्लग लावलाय!"

खाली उतरेपर्यंत ते समजावून सांगत होते. "भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा प्लग बसवायचा आणि यंत्राची पिन त्याच्यात खोचायची. त्याच्या पोटात एक रिले (विजेच्या इशाऱ्यावर आपोआप उघडमीट होणारं बारीक बटण) असतो आणि निरोप ऐकायला एक बिनतारी कान. मी इथून 'बंद' म्हटलं की तिथे वीज बंद, 'चालू' म्हटलं की चालू. आणि हा प्लग सर्व्हरला काही विचारत नाही. राउटरकडून थेट निरोप घेतो. हे मात्र मी शहाणपणाचं केलं!"

टॅबवर दोन मोठी बटणं उमटली, एक 'बंद' आणि एक 'चालू'. आजोबांनी 'बंद'वर बोट नेलं.

"थांबा!" शाल्मली किंचाळली. "आजोबा, राउटर कुठे लावलाय?"

"कोठीतच की. सर्व्हरशेजारी."

"कुठल्या सॉकेटमध्ये?"

"कोठीत सॉकेट एकच आहे, म्हणून मी प्लगला एक्स्टेंशन बोर्ड लावला आणि त्या बोर्डावर सर्व्हर आणि..." आजोबांचं बोट हवेतच राहिलं. आता खोलीत थिजलेले दोघं झाले.

तुमच्या लक्षात आलं का? 'बंद' म्हटलं की सर्व्हरबरोबर राउटरही बंद. राउटर बंद म्हणजे प्लगचा कान बंद. प्लग स्वतः भिंतीतून वीज घेतो, म्हणून जागा राहील, पण त्याला ऐकू येणार नाही. मग इथून कितीही वेळा 'चालू, चालू' म्हणून कंठशोष केला तरी निरोप पोचणार कसा? फोन करायचा म्हणून फोनचीच वायर कापण्यातला हा प्रकार. आजोबा घरी पोचेपर्यंत टिकोजीराव एका पायावर उभे.

"चुकलं माझं," आजोबा पळीकडे बघत म्हणाले. "एवढी अंतराळयानं पाठवली मी आणि एक बोर्ड नीट लावता आला नाही."

शाल्मलीनं डोळे पुसले. नाटुकलं होणार नाही हे मंडळाला सांगायला हवं होतं. ती दाराकडे वळली. "मी जाते."

"जाते काय म्हणतेस?" आजोबा सवयीनं खेकसले. "जाते म्हणू नये. जाऊन येते म्हणावं."

"बरं, जाऊन ये..." शाल्मली दारातच थबकली. मग गर्रकन वळली. तेवढ्या वेगात वळायचं नसतं चंद्रावर. तिनं तीन गिरक्या घेतल्या आणि टिकोजीरावांना धरून थांबली.

"आजोबा! आपण प्लगला 'जा' म्हणतोय. 'जाऊन ये' का नाही म्हणत?"

"काय?"

"आपण त्याला आधी 'बंद' सांगणार आणि मग 'चालू' सांगणार. दोन निरोप. दुसरा पोचायच्या आत कान बंद. पण दोन्ही गोष्टी एकाच निरोपात सांगितल्या तर? 'आता बंद हो आणि थोड्या वेळानं तुझं तू चालू हो.' निघायच्या आधीच परत यायचं सांगून ठेवायचं!"

आजोबांनी टॅब पुन्हा उचलला. "त्यासाठी प्लगला स्वतःची थोडी स्मृती हवी. आणि घड्याळ हवं."

"आहे का त्याला?"

आजोबांनी टॅबचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. दोन मोठ्या बटणांच्या खाली, कुणाचं लक्ष जाणार नाही असं एक चिमुकलं चिन्ह होतं, उलटमोजणी. "आहे! घड्याळ त्याच्याच पोटात आहे. राउटर असो वा नसो, मोजत राहील!"

"मग लगेच चालू व्हायला सांगा."

"लगेच नको, अर्धं मिनिट देऊ. सर्व्हरमध्ये धारित्रं (वीज थोडा वेळ साठवून धरणारे भाग) असतात. चार्जर सॉकेटमधून काढला तरी त्याचा दिवा क्षणभर रेंगाळतो ना, तसं. ती साठलेली वीज पूर्ण संपू दे. नाहीतर अडकलेलं काहीतरी तसंच मागे राहायचं. आणि वीज आली की आपणहून उठायचं, हे मी सर्व्हरला आधीच शिकवून ठेवलंय, आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येतं का!"

त्यांनी निरोप लिहिला. शाल्मलीनं दोनदा वाचला, कारण आता आजोबांवर तिचा तेवढा विश्वास उरला नव्हता. मग दोघांनी मिळून बटण दाबलं. निरोप चंद्रावरून निघाला, पृथ्वीवर उतरला, मिरजेला पोचला, राउटरच्या दारातून आत शिरला आणि प्लगच्या कानात पडला. प्लगनं 'समजलं' असं उलट कळवलं.

पुढच्याच क्षणी टॅबवर अक्षरं आली : प्लग सापडत नाही.

"गेला," आजोबा म्हणाले.

"जाऊन येतोय," शाल्मली म्हणाली. तिनं टिकोजीरावांचा गार हात घट्ट धरला होता.

अर्धं मिनिट फार मोठं असतं. त्यानंतर राउटरला जागं व्हायला वेळ लागतो आणि सर्व्हरला त्याहून जास्त. आजोबा पळी चावत होते. शाल्मलीला रडू आवरत नव्हतं. फोनवर आवटीकाकूंची बडबड मात्र अखंड चालू होती, कारण त्यांना कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. "...म्हणून मी म्हणते डॉक्टर, दाराला जरा खांदा लावला की... अगं बाई!"

धाडकन आवाज आला.

"काकू? काय झालं?"

"दार उघडलं की ओ! मी आत पडले! आणि डॉक्टर, ते परत मिटतंय... आता उघडलं... परत मिटलं! भूत शिरलंय का काय तुमच्या दारात?"

आजोबांनी मघाशी दहा वेळा पाठवलेला निरोप! सर्व्हरनं ओ दिली नव्हती, म्हणून तो टॅबमध्येच खोळंबून होता. सर्व्हर जागा झाला होता आणि इमानदारीनं दहाही वेळा दार उघडून परत मिटत होता. "काकू, गुडघा कसा आहे?" आजोबांनी काळजीनं विचारलं.

"चकलीचं ताट वाचलं बघा," काकू म्हणाल्या. म्हणजे गुडघाही वाचला असावा.

इकडे टिकोजीरावांचे डोळे हिरवे झाले. हवेतला पाय खाली आला. त्यांनी खोलीभर पाहिलं, मग आपला हात धरून उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"सुप्रभात, शाल्मली," ते म्हणाले. "आज कोजागरी ना? मी ठरवलंय, मी राजा होणार."

सकाळचं पहिलं वाक्य हेच होतं! शाल्मलीला हसू आणि रडू एकदमच आलं. ती त्यांच्या गळ्यातच पडली. सकाळ पुसली गेली होती. भांडण फक्त तिला एकटीला माहीत होतं. आता गप्प बसलं असतं तरी कुणाला कधी कळलं नसतं.

"टिकोजी, मला माफ कर," ती म्हणाली.

अडीच सेकंदांनी उत्तर आलं, "कशाबद्दल?"

"सकाळी मी तुला डबा म्हणाले. तुझं डोकं लोणच्याशेजारी पडलंय, असंही म्हणाले. तू विसरलास, पण मी म्हणाले होते."

अडीच सेकंद झाले. मग पाच झाले. आजोबांनी घाबरून टॅबकडे पाहिलं.

"डबा?" टिकोजीराव म्हणाले. "मला? टिकोजीरावाला?" आणि त्यांनी पाठ फिरवली.

"रुसला!" शाल्मली आनंदानं ओरडली. "आजोबा, रुसला! तोच आहे!"

"रंगमंचावर मी येईन," पाठ फिरवूनच टिकोजीराव म्हणाले, "कारण मी शब्द दिलाय. पण एक अक्षर बोलणार नाही."

"नको बोलूस," शाल्मली म्हणाली. "झाडाला बोलायचं नसतंच."

त्या संध्याकाळी चंद्रावरच्या रंगमंचावर एक रुसलेलं झाड उभं राहिलं. इतकं ताठ, इतकं गंभीर आणि इतकं घुम्म झाड मंडळानं कधी पाहिलं नव्हतं. टाळ्या थांबेनात. टिकोजीरावांनी झाडाला न शोभणाऱ्या थाटात मान तुकवली.

मग सगळे मोठ्या खिडकीशी बसले. आकाशात पूर्ण गोल पृथ्वी लखलखत होती आणि प्रत्येकाच्या दुधात एकेक निळा ठिपका हलत होता.

"घरी गेल्यावर राउटरला वेगळं सॉकेट करतो," आजोबा म्हणाले. "पण एक सांगू? लांब जाणाऱ्या यानांतही असंच असतं. यान अडकलं, तर त्याला उठवायचा निरोप पोचायला कधी कधी तासन् तास लागतात. म्हणून एक राखणदार यानातच बसवलेला असतो. यानानं ठरलेल्या वेळेत 'मी ठीक आहे' म्हटलं नाही, की तो आपणहून त्याची यंत्रणा बंद करून चालू करतो. तुझं 'जाऊन ये' तिथेही आहे."

"मग मी मोठी झाले की गुरूच्याही पलीकडे यान पाठवीन," शाल्मली म्हणाली. "आणि निघतानाच सांगून ठेवीन."

शेजारी टिकोजीराव पाठ करूनच बसले होते. बऱ्याच वेळानं ते हळूच वळले.

"शाल्मली, तू माफी मागितलीस ते मी आत्ताच दगडात कोरलं. झोपेपर्यंत थांबलो नाही. आता वीज गेली तरी ते राहील."

शाल्मलीनं दुधाचा पेला खाली ठेवला. "आणि मी तुला डबा म्हणाले, ते?"

टिकोजीराव नेहमीसारखे अडीच सेकंद थांबले.

"ते रांगोळीतच राहू दे म्हटलं."